बर्फातले ससे, बीगल कुत्रे आणि धनुष्यबाण: मिशिगनमधील एक हिवाळी दिवस

उत्तरवारा (धागाकर्ता)

सशाची शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाठलाग येतो. ससा पुढे, कुत्रा मागे, आणि जो जास्त वेगवान त्याची सरशी. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या दक्षिण भागात बीगल कुत्र्यांबरोबर जी शिकार चालते तिच्यात वेगाला फारसे स्थान नाही. बीगल सशाला पकडत नाही आणि त्याने पकडावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. तो जमिनीला नाक लावून, मोठ्याने ओरडत, आपल्या गतीने माग काढत येतो. इथला कॉटनटेल जातीचा ससा त्याच्यापुढे बरेच अंतर राखून आपल्याच मुलखात एक वर्तुळ काढतो आणि जिथून उठला होता त्या जागेच्या आसपास परत येतो. ते वर्तुळ ओळखून योग्य ठिकाणी गप्प उभे राहणे एवढेच शिकाऱ्याच्या हाती असते, आणि ते दिसते तितके सोपे नाही.

माझे शेजारी निवृत्त गृहस्थ आहेत आणि वर्षानुवर्षे बीगल पाळतात. हरणांच्या शिकारीची मुख्य धामधूम संपली की जानेवारीच्या उत्तरार्धात त्यांचा खरा हंगाम सुरू होतो. कायद्याने मिशिगनमध्ये सशांचा हंगाम १५ सप्टेंबर ते ३१ मार्च असा मोठा आहे आणि एका शिकाऱ्याला दिवसाला पाच सशांची मर्यादा आहे. मात्र कडक थंडी पडून गवत झोपल्याशिवाय ते कुत्र्यांना रानात नेत नाहीत. त्यांचे बहुतेक सोबती छऱ्यांची बंदूक वापरतात, परंतु मी आणि आणखी एक जण रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य घेऊन जातो. या हिवाळ्यातील अशाच एका दिवसाविषयी लिहितो. तपशील मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण मराठीत या विषयावर मला काहीही वाचायला मिळालेले नाही.

जागा होती एक पडीक शेत, मालकाची परवानगी घेतलेली. कधीकाळी तिथे मका पिकत असावा. आता बांधावर ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, लाल काड्यांचे डॉगवुड, सुमॅकची झुडपे आणि वादळात पडलेल्या झाडांच्या फांद्यांचे ढीग आहेत. कॉटनटेलला नेमके हेच लागते. तो स्वतः बीळ खणत नाही. दिवसा गवताच्या बेचक्यात किंवा फांद्यांच्या ढिगाखाली दबून बसतो आणि फारच ओढवले तर वुडचक या बिळे खणणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या जुन्या बिळात शिरतो. कुत्रे सोडण्यापूर्वी शेजाऱ्यांनी आम्हाला बांधाच्या कडेने चालवत नेऊन खुणा दाखवल्या. बर्फातला ठसा उमटतो तो मागचे लांब पाय पुढे आणि पुढचे छोटे पाय मागे असा, त्यामुळे नवखा माणूस ससा नेमका उलट्या दिशेला गेला असे समजतो. कोवळ्या काड्या चाकूने तिरक्या कापाव्यात तशा स्वच्छ कापलेल्या असतील तर ते सशाचे काम. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून त्याने खाल्लेल्या काडीचे टोक फाटलेले दिसते.

त्या दिवशी तापमान शून्याच्या दोन-तीन अंश खाली होते, वारा पडलेला होता आणि रात्री पडलेला बर्फ जरा ओलसर होता. वासासाठी याहून चांगले हवामान मागू नये. पारा फार खाली गेला आणि बर्फ कोरडा, भुरभुरीत झाला की वास धरत नाही आणि कुत्रे पावलोपावली अडखळतात. वरून वितळून पुन्हा गोठलेला पापुद्रा तर सर्वांत वाईट, कारण ससा त्याच्यावरून अलगद जातो आणि कुत्र्याचे पंजे मात्र त्यात रुतून कापले जातात.

तीन कुत्रे होते: डेझी ही वयस्क कुत्री, कूपर, आणि पहिल्याच हिवाळ्यातला एक पोरगेला कुत्रा. डेझीने एका ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिचे शेपूट जोरात हलू लागले आणि मग तिने एक लांब हेल काढला. दुसऱ्या बाजूने ससा उठला. आम्हांपैकी कोणीही धनुष्याला हात लावला नाही. उठलेल्या सशामागे धावायचे नाही, तो कुठून उठला ती जागा डोळ्यांत ठेवायची आणि तिच्याजवळ उभे राहायचे, हा शेजाऱ्यांचा पहिला नियम आहे. कुत्रे ओरडत पूर्वेकडे गेले, आवाज बांधापलीकडे उतरला, मग उत्तरेकडे वळला, आणि एकाएकी थांबला. माग तुटला होता. ससा अशा वेळी मागे फिरून आपल्याच ठशांवरून उलटा येतो आणि मग एक लांब उडी बाजूला मारतो. कूपर पुढे घुटमळत राहिला, पण डेझी जिथे वास संपला तिथे परतली आणि लहान-लहान वर्तुळांत हुंगू लागली. काही वेळाने तिचा एकच आवाज आला, मग दोन, आणि मग तिघांचा मिळून गलका सुरू झाला.

ज्याला कान आहे त्याला हा आवाज सगळे सांगतो. लांब, ताणलेला सूर म्हणजे माग जुना किंवा वास पातळ, आणि तुटक, भराभर येणारा आवाज म्हणजे ससा जवळ. आवाज वळला की वर्तुळ वळले. ससा माझ्याकडे आला त्या वेळी कुत्रे दूरच होते आणि याच क्षणी नवखा माणूस फसतो, कारण तो कुत्र्यांच्या आवाजाकडे पाहत असतो आणि ससा त्याआधीच पायाशी येऊन गेलेला असतो. मी एका पडलेल्या ओंडक्यावर उभा होतो, त्यामुळे जाळीच्या आत थोडे वरून दिसत होते. ससा अजिबात धावत नव्हता. तो दोन उड्या मारी, थांबे, कान मागे वळवून ऐके, पुन्हा दोन उड्या. बारा-तेरा पावलांवर तो एका बुंध्यामागे गेला तेव्हा मी दोरी ओढली, तो बाहेर आला तेव्हा ओठांनी हलकी शीळ घातली, तो थबकला, आणि बाण सोडला. कुत्रे तिथे पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला. शेजाऱ्यांनी ससा लगेच उचलू दिला नाही. कुत्र्यांनी मागाच्या शेवटापर्यंत नाकाने येऊन तो स्वतः शोधावा, नाहीतर त्यांच्या मेहनतीला अर्थ राहत नाही, असे ते म्हणतात.

दिवसभरात दोघा धनुर्धाऱ्यांनी मिळून दोन ससे आणले. बंदूकवाल्यांना त्याच शेतात यापेक्षा बरेच अधिक मिळाले असते, यात मला शंका नाही. आणखी दोन ससे वुडचकच्या बिळात शिरले आणि एकाने संपूर्ण दुपार आम्हा सर्वांना झुलवून शेवटी दलदलीतल्या लव्हाळ्यांच्या दाटीत कुत्र्यांना सोडून दिले. कोणाला काही विचारायचे असल्यास जरूर विचारावे.

माळरान

अतिशय वाचनीय. मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला आहे. आमच्या भागात पूर्वी कारवानी कुत्री घेऊन लोक माळावर ससे मारत. ते दृश्य याच्या अगदी उलट असे. कारवानी कुत्रा लांब पायांचा, हडकुळा, आणि नाकापेक्षा डोळ्यांवर चालणारा. ससा दिसला की सुटला, आणि एका मिनिटात निकाल. त्यात आवाजही नसे. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा, परंतु जुन्या लोकांकडून ऐकलेल्या हकिकतींमध्ये ससा सरळ रेषेत पळतो आणि शेवटच्या क्षणी कोन मारतो, असेच असते. वर्तुळाची गोष्ट मी प्रथमच ऐकली. तुमचा ससा परत का येतो? आमचा तर येत नसे.

उत्तरवारा

माळरान, तुमचा ससा आणि आमचा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. भारतातला काळ्या मानेचा ससा हा उघड्यावर राहणारा, लांब पायांचा प्राणी आहे, त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि त्याचा सगळा भरवसा वेगावर असतो. कॉटनटेलची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. मादी गवतात उथळ खळगा करून त्यात स्वतःच्या अंगावरचे केस अंथरते. मोठा झाल्यावरही हा ससा काही एकरांच्या मुलखात आयुष्य काढतो. त्या मुलखातली प्रत्येक जाळी, प्रत्येक बोगदा त्याला पाठ असतो आणि त्याबाहेर तो स्वतःला सुरक्षित समजत नाही. म्हणून मागे संथ कुत्रा लागला की तो ओळखीच्या वाटांनीच फिरतो. कुत्रा वेगवान असेल तर मात्र हा हिशेब बिघडतो. ससा घाबरून सरळ जवळच्या बिळात शिरतो आणि खेळ संपतो. बीगलची संथ चाल इथे गुण ठरते ती यामुळे.

मिशिगनच्या उत्तर भागात हिवाळ्यात पांढरा होणारा स्नोशू जातीचा मोठा ससा असतो. तो नात्याने तुमच्या सशाला जवळचा. तोही वर्तुळ काढतो, पण ते इतके मोठे असते की कुत्र्यांचा आवाज ऐकू येईनासा होतो आणि माणूस सीडरच्या दलदलीत तासभर नुसता उभा राहतो.

काटेसावर

लेख चांगला आहे, तरी एक प्रश्न स्पष्टपणे विचारतो. छऱ्यांच्या बंदुकीने ससा जवळजवळ नेहमी जागीच मरतो. धनुष्याने नेम चुकण्याची आणि त्याहून वाईट म्हणजे अर्धवट लागण्याची शक्यता किती तरी जास्त. मग आपल्या हौसेपायी प्राण्याला तो धोका का पत्करायला लावायचा? "आव्हान" या उत्तराने माझे समाधान होणार नाही, कारण आव्हान तुम्हाला असते आणि किंमत ससा मोजतो.

उत्तरवारा

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून या विषयावर लिहिता येणार नाही.

आधी आकडेमोड मांडतो. माझे धनुष्य ४५ पौंडांचे आहे, म्हणजे ते पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो, आणि त्यातून बाण साधारण सेकंदाला पन्नास मीटर वेगाने सुटतो. पंधरा मीटरवर पोहोचायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतात. कॉटनटेल जीव खाऊन धावला तर ताशी २९ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला आठ मीटर. बाण हवेत असेपर्यंत तो जवळपास अडीच मीटर पुढे गेलेला असतो. त्याच्या अंगाची लांबी पाऊण हाताहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे चाळीस सेंटिमीटर. तेव्हा धावत्या सशावर बाण सोडणे म्हणजे केवळ नशिबावर सोडणे, आणि त्यात लागलाच तर कुठे लागेल हे कोणीही सांगू शकत नाही. असे नेम लावणारे लोक आहेत, काही जण त्यात तरबेजही आहेत, पण मी ते करत नाही आणि आमच्या गटात ते चालत नाही.

उरतो तो थांबलेला ससा, पंधरा पावलांच्या आत, डोके आणि छाती उघडी असलेला. ही संधी बीगलच देतो. बंदुकीच्या शिकारीत ससा झुडपांमधून पळताना मारला जातो, म्हणून छरे सर्वत्र जातात आणि पाय मोडून निसटणारे ससे तिथेही असतात, हे बंदूकवाले खासगीत मान्य करतात. मी जर फक्त थांबलेल्या सशावरच बाण सोडत असेन तर माझ्या हातून जखमी होऊन सुटणारे ससे जास्त असतील असे नाही. मात्र न सोडलेले बाण पुष्कळ असतात. ज्याला बाण न सोडता घरी येणे जड जाते त्याने धनुष्य घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

बाणाच्या टोकाविषयीही इथेच लिहितो, कारण ते याच प्रश्नाचे अंग आहे. लहान प्राण्यांसाठी बोथट रबरी टोके मिळतात. ती खारीसाठी एक वेळ ठीक, सशाला ती पुरेशी नाहीत असे मला वाटते, कारण तो दिसतो त्यापेक्षा चिवट असतो. मी पोलादी बोथट टोक वापरतो आणि माझे सोबती धारदार पाते. जुडो नावाचे एक टोक फार लोकप्रिय आहे. त्याला स्प्रिंगच्या तारांचे चार हात असतात आणि ते गवतात अडकून बाण उभा राहतो, नाहीतर बाण बर्फाखाली सरकत जातो आणि मार्चमध्ये सापडतो. मोठ्या पिसांचे फ्लू-फ्लू बाण झाडावर किंवा हवेत नेम धरताना कामाला येतात, कारण ते थोड्या अंतरानंतर वेग गमावून पडतात. जमिनीवरच्या सशासाठी मला त्यांची गरज वाटत नाही.

काटेसावर

उत्तर प्रामाणिक आहे. माझी शंका पूर्ण गेली असे म्हणत नाही, परंतु थांबलेल्या सशाचा नियम पाळणारा माणूस आणि न पाळणारा माणूस यांच्यात फरक आहे, एवढे मान्य करतो.

गोठ्यातला_वैद्य

पशुवैद्यक या नात्याने कुत्र्यांविषयी आणि सशाच्या हाताळणीविषयी काही लिहितो.

पहिली गोष्ट धनुष्य आणि कुत्र्यांची. बीगलची उंची खांद्यापाशी फार तर पंधरा इंच. अमेरिकेत तेरा इंचांपर्यंतचे आणि तेरा ते पंधरा इंचांचे अशा दोनच गटांत त्यांची नोंद होते. म्हणजे कुत्रा आणि ससा जवळजवळ एकाच पातळीवर असतात. कुत्रे कुठे आहेत हे आवाजावरून नक्की कळत नसेल तर बाण सोडूच नये. माग तुटल्यावर कुत्रे गप्प होतात, आणि तोच सर्वांत धोक्याचा काळ.

दुसरी गोष्ट काट्यांची. ब्लॅकबेरीच्या जाळीत दिवसभर शेपूट हलवत फिरलेल्या बीगलच्या शेपटाचे टोक रक्ताळलेले असते, कान फाटलेले असतात. हे बहुतेक वेळा गंभीर नसते, पण संध्याकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यांत काट्याचे तुकडे किंवा गवताचे बी आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. बोटांमध्ये बर्फाचे गोळे धरतात, ते हाताने वितळवून काढावेत.

तिसरी गोष्ट माणसांची. उत्तर अमेरिकेतल्या सशांमध्ये ट्युलरेमिया नावाचा जीवाणूजन्य रोग आढळतो. तो गोचिडांतून पसरतो आणि आजारी ससा उघड्या हातांनी सोलल्यास माणसालाही होऊ शकतो. प्रतिजैविकांनी तो बरा होतो, पण ओळखायला उशीर झाला तर त्रासदायक ठरतो. कडक थंडीपर्यंत थांबण्याची तुमच्या शेजाऱ्यांची पद्धत म्हणूनही शहाणपणाची आहे. रबरी हातमोजे घालावेत, यकृतावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर तो ससा वापरू नये, आणि मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस होईल असे शिजवावे. सुस्त बसलेला, हाकलूनही न पळणारा ससा सोपा म्हणून मारू नये. सशाची आतडी कुत्र्यांना कच्ची कधीही घालू नयेत, त्यातून पट्टकृमी होतात. बरेच जुने शिकारी बक्षीस म्हणून घालतात, तेवढेच मला आवडत नाही.

उत्तरवारा

वैद्यबुवा, मनापासून आभार. आमच्याकडे प्रत्येक धनुर्धाऱ्याची दिशा आधी ठरलेली असते आणि ती सोडून बाण सोडायचा नाही, मग ससा कितीही जवळून जावो. सगळ्यांच्या अंगावर नारिंगी जाकिटे असतात. सशाला तो रंग आपल्याला दिसतो तसा दिसत नाही, त्यामुळे त्याने काही बिघडत नाही. कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे असतात, कारण डेझी एकदा हरणाच्या वासामागे लागली तर ती पुढच्या गावी पोहोचेल. खरे तर हरणाचा माग न घेणे हे बीगलच्या शिक्षणाचे अर्धे अंग आहे आणि पोरगेला कुत्रा अजून तेच शिकतो आहे.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहितो. इथे या शिकारीचे दोन्ही भाग बाजूला पडले आहेत. बीगलांच्या मोठ्या टोळीमागे पायी धावत मोठ्या सशाची (इंग्रजीत हेअर) शिकार करण्याची इथे जुनी परंपरा होती, आणि त्यात कुत्र्यांनीच सशाला मारायचे असे. २००४ च्या शिकार कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये ती बंद झाली. छोट्या जातीच्या सशांना (रॅबिट) त्या कायद्यात काही अटींवर सूट आहे, पण धनुष्याने कोणताही वन्य प्राणी मारणे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. त्यामुळे काटेसावर यांनी विचारलेला प्रश्न इथे कायद्यानेच निकाली काढला आहे.

अमेरिकेत हे सारे कसे रुजले याची मला उत्सुकता आहे, कारण इथे ती बहुधा शाळा-महाविद्यालयांची आणि जमीनदारांची करमणूक होती.

सस्क्वेहाना_काठ

टेम्सकाठ, मी पेनसिल्व्हेनियात राहतो. माझे सासरे इथल्या एका बीगल क्लबाचे सभासद होते, म्हणून थोडेफार सांगू शकतो. अमेरिकेत यादवी युद्धानंतरच्या काळात इलिनॉयचे जनरल रिचर्ड रोवेट यांनी इंग्लंडहून चांगल्या रक्ताचे बीगल आणले. अमेरिकन केनेल क्लबने १८८५ मध्ये या जातीची नोंद केली आणि १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हायनिस इथे बीगलांची पहिली मैदानी परीक्षा, म्हणजे माग काढण्याची स्पर्धा, झाली. पुढे ही शिकार खाणकामगार, गिरणीकामगार, छोटे शेतकरी यांच्यात पसरली. घोडा नको, मोठी जमीन नको, दोन-तीन कुत्रे आणि सुट्टीचा दिवस पुरे. इथल्या कोळशाच्या पट्ट्यात तुम्हाला अजूनही घराच्या मागे बीगलांची खुराडी दिसतील.

उत्तरवारा यांच्याशी मात्र एका बाबतीत माझे जमत नाही. कोरड्या थंडीत वास धरत नाही हे सर्वसाधारणपणे खरे, पण मी उणे बारा अंशांत, कोरड्या बर्फात कुत्र्यांना तासन्‌तास न अडखळता माग काढताना पाहिले आहे आणि पावसानंतरच्या अत्युत्तम वाटणाऱ्या सकाळी त्याच कुत्र्यांना दहा पावलेही पुढे जाता आले नाही. हवामान पाहून दिवस ठरवणारे बरेच वेळा घरीच बसतात.

उत्तरवारा

मान्य. शेजारीही हेच म्हणतात की वासाविषयी सगळ्यांत कमी माहिती माणसाला आहे. तरीही पापुद्रा धरलेल्या बर्फाच्या बाबतीत माझे मत बदलणार नाही, कारण तिथे प्रश्न वासापेक्षा पंज्यांचा आहे.

नाशिककर_सध्या_न्यूजर्सी

थोडे विषयांतर, पण बीगलच्या नाकाचेच आहे. आपल्यापैकी अनेकांची या जातीशी पहिली भेट विमानतळावर झाली असेल. हिरवे जाकीट घातलेला गोंडस कुत्रा सामानाच्या पट्ट्याजवळ येतो, पिशवीपाशी शांतपणे बसतो, आणि आईने दिलेले हापूस कचऱ्यात जातात. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर हा उपक्रम सुरू झाला आणि या कुत्र्यांना सुरुवातीलाच शिकवल्या जाणाऱ्या मोजक्या वासांत आंबा असतो. तिथला बीगल अजिबात ओरडत नाही, आणि तुमचा ओरडल्याशिवाय राहत नाही. एकाच जातीत हे दोन्ही कसे जमते?

सस्क्वेहाना_काठ

निवड आणि शिक्षण. विमानतळासाठी शांत, खादाड आणि गर्दीत न बिचकणारे कुत्रे घेतात आणि वास आल्यावर बसले की खाऊ मिळतो. शिकारी वंशात पिढ्यान्‌पिढ्या आवाज जपला गेला आहे. मागावर असताना ओरडणारा आणि माग नसताना गप्प राहणारा कुत्रा सर्वांत मोलाचा. मैदानी परीक्षेत खोटा ओरडणारा कुत्रा गुण गमावतो, कारण तो सगळ्या टोळीला चुकीच्या दिशेला नेतो.

अंगणातली_तुळस

मी शाकाहारी आहे आणि हा धागा अस्वस्थ होत पूर्ण वाचला. लेखनाबद्दल तक्रार नाही. परंतु घरी अन्न असताना एका छोट्या प्राण्याला तीन कुत्र्यांनी फिरवून दमवून मारणे, ही ससेहोलपट तुम्हाला दिवसभर पाहवते कशी, हे मला खरोखरच समजत नाही.

उत्तरवारा

तुळस, तुमची अस्वस्थता मी खोडून काढणार नाही. दोन गोष्टी मात्र सांगतो. ससा दमून मरत नाही. बीगलपुढे तो बहुतेक वेळ चालतो, बसतो, ऐकतो, आणि कंटाळला की बिळात शिरतो. त्या दिवशी उठलेल्यांपैकी बरेचसे ससे तसेच गेले. दुसरी गोष्ट अशी की कॉटनटेलची मादी वर्षात अनेक वेळा विते, प्रत्येक वेळी चार-पाच पिल्ले होतात, आणि त्यांतली बहुसंख्य वर्षभरही जगत नाहीत. घुबडे, ससाणे, कोल्हे, कोयोटी, मांजरी आणि थंडी त्यांना नेतात. याने मारणे योग्य ठरते असा माझा दावा नाही. मी मांस खातो, आणि दुकानातल्या कोंबडीपेक्षा या सशाच्या मृत्यूशी माझा संबंध अधिक सरळ आहे, एवढेच म्हणू शकतो.

धनुष्यबाण आणि बंदुका यांच्या विक्रीवर इथे जो केंद्रीय कर आहे त्यातून राज्यांच्या वन्यजीव विभागांना पैसा मिळतो. बंदुकांवरचा कर १९३७ च्या कायद्याने या कामासाठी राखला गेला आणि धनुष्यबाण १९७० च्या दशकात त्यात आले. पडीक बांध आणि दलदली राखण्याचा बराच खर्च त्यातून होतो. या झाडोऱ्यात नुसते ससेच राहत नाहीत.

अंगणातली_तुळस

पटले नाही, तरी सविस्तर उत्तर दिलेत याबद्दल आभारी आहे.

माळरान

आता शेवटचा प्रश्न, आणि तो अपरिहार्य आहे. शिजवलात कसा?

उत्तरवारा

कॉटनटेलचे मांस फिकट रंगाचे आणि जवळजवळ बिनचरबीचे असते, त्यामुळे घाईत केले की चामड्यासारखे होते. सोललेला ससा मीठ घातलेल्या थंड पाण्यात रात्रभर ठेवतो. मागचे पाय, पुढचे पाय आणि पाठ वेगळी करतो. पायांना आले-लसूण, हळद, दही लावून कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात मंद आचेवर दीड-दोन तास ठेवावे लागते, म्हाताऱ्या सशाला त्याहून जास्त. प्रेशर कुकरमध्ये ते लवकर होते, पण मांस हाडांपासून सुटून रश्श्यात मिसळते आणि मग बारीक हाडे शोधत बसावे लागते. पाठीचे तुकडे शेवटच्या टप्प्यात घालावेत. तेलाचा हात सढळ ठेवावा, ते मांस स्वतःचे काही देत नाही. शेजाऱ्यांच्या घरी पिठात घोळवून तळतात आणि त्यावर घट्ट ग्रेव्ही ओततात. त्यांना आमचा रस्सा तिखट लागला, पण त्यांनी वाटी परत पुढे केली.

नाशिककर_सध्या_न्यूजर्सी

माझा चुलतभाऊ डेट्रॉइटजवळ असतो आणि त्याला यायचे आहे. त्याने आयुष्यात शिकार केलेली नाही. या हंगामात शक्य आहे का?

उत्तरवारा

शक्य आहे. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी शिकारी सुरक्षा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर प्रशिक्षणार्थी परवाना मिळतो. तो दोन परवाना-वर्षांपुरता घेता येतो आणि सोबत २१ वर्षांवरील, स्वतःचा नियमित परवाना असलेला माणूस जवळ असावा लागतो. पहिल्या खेपेला त्याने धनुष्य आणू नये. नुसते यावे, उंच बूट आणि काट्यांत न फाटणारी विजार घालावी, आणि कुत्र्यांच्या आवाजावरून ससा कुठून येईल हे सांगून पाहावे. ते जमू लागले की दोरी ओढायला मी शिकवीन. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा त्याला चालत असेल तर खासगी निरोप पाठवा. दलदल तोपर्यंत घट्ट गोठलेली असते आणि पलीकडच्या बांधापर्यंत जाता येते.